बेसाहून भूमध्य, व्हाया देवबाग

ग्रीसमध्ये ३० अश्वशक्तीपर्यंतची मोटरबोट भाड्याने घेऊन स्वतः चालवायला परवाना लागत नाही, ही बातमी नागपूरच्या बेसातल्या एका अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला पडली. सकाळी दुधाच्या पिशव्या येईपर्यंत चौथ्या मजल्यावरचे काका कॅप्टन झाले होते.

सोबत व्हिडिओ होता. आयोनियन समुद्रातलं पॅक्सोस बेट, तळापर्यंत दिसणारं पाणी आणि धक्क्यावर उभा एक दाढीवाला. तो पर्यटकाला जरा वेळ शिकवतो. हा गिअर, हा नांगर, गुहेत शिरायचं नाही, नकाशावरच्या या रेघेपलीकडे जायचं नाही, पेट्रोलचे पैसे वेगळे, सूर्य बुडायच्या आत परत. मग अनामत घेतो, चावी हातात ठेवतो आणि निघून जातो. इटलीत हीच सवलत ४० अश्वशक्तीपर्यंत आहे. स्पेनमध्ये बोट ५ मीटरपेक्षा लांब नको, इंजिन १५ अश्वशक्तीच्या आत हवं आणि फिरायचं ते दिवसाउजेडी, बंदरापासून दोन सागरी मैलांच्या आत. फ्रेंच सरकारचा माणसावर विश्वास जरा कमीच. तिथे ६ अश्वशक्तीच्या वर गेलात की परवाना दाखवा. काकांची बुलेट वीस अश्वशक्तीची आहे. संध्याकाळी सात वाजता बेसा चौकातून बुलेट काढणारा माणूस भूमध्य समुद्रातून बोट काढू शकणार नाही, असं कोण म्हणेल? तिथे तर राँग साइडने ऑटोही येत नाही.

बेसात राहून समुद्राच्या गोष्टी कशाला, असा पुण्याच्या जावयांचा सूर होता. काकांनी त्यांना इतिहास ऐकवला. १७५१ साली नवाब अलीवर्दी खानाशी झालेल्या तहात ओडिशा नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे आला. बालेश्वरपासून पुरीपर्यंतचा किनारा त्यात होता. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींना तो इंग्रजांना द्यावा लागला. म्हणजे चांगली बावन्न वर्षं नागपूरला स्वतःचा समुद्र होता, आणि तो हातातून गेला तोही विदर्भातल्याच एका गावात सही करून. जावयांनी पेशव्यांचं कोकण काढलं. काकांनी विषय नाग नदीकडे वळवला. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. नागपूर रोज काही ना काही समुद्राला पाठवतच असतं. काय पाठवतं, ते जेवणाच्या वेळी न सांगितलेलं बरं.

आजची स्थिती मात्र अशी की बेसातून सरळ रेषेत मोजलं तरी जवळचा समुद्र साडेपाचशे किलोमीटरहून लांब आहे, आणि तोही आंध्रचा. म्हणून नागपूरने तलावाच्या काठाला चौपाटी म्हणायला सुरुवात केली. फुटाळ्याच्या चौपाटीवर मक्याचं कणीस, चहा, वारा, प्रेमी युगुलं आणि सेल्फी असं सगळं आहे; लाट तेवढी नाही. बोटीत बसायची हौस आली की खिंडसी आहे, पेंचकडे कोलितमारा आहे. बेसाला तर पावसाळ्यात तेवढंही लांब जावं लागत नाही. जोराचा पाऊस झाला की लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटचं तळं होतं, आणि उन्हाळा लागला की त्याच गल्लीत पाण्याचा टँकर यायची वाट पाहत लोक गॅलरीत उभे असतात.

ग्रीसचा बेत व्हिसाच्या यादीपर्यंत टिकला. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे कागद, राहण्याची बुकिंगं आणि तुम्ही परत मायदेशी येणार याचा पुरावा लागतो. काकू म्हणाल्या, फ्लॅटचे हप्ते दाखवा, याहून मोठा पुरावा कोणता? मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला भूमध्य समुद्र तसा दोनच ठिकाणी भेटतो. एकदा भूगोलात, संत्र्यामोसंब्यांच्या हवामानाच्या धड्यात, आणि एकदा इतिहासात, ८ जुलै १९१० च्या मार्सेलिसला, सावरकरांच्या उडीत. दोन्ही ठिकाणी बोट भाड्याने मिळत असल्याचा उल्लेख नाही. तेव्हा चार कुटुंबांनी ठराव केला की आधी आपल्याच समुद्रात दिवसभराची बोट घ्यावी, हात बसला की मग ग्रीस. ठिकाण ठरलं मालवणजवळचं देवबाग.

नागपूर ते कोकण ही गोष्ट सांगायला सोपी आहे. समृद्धी महामार्ग शिवमडक्याला, बेसाच्या अगदी उशाशी सुरू होतो, पण ७०१ किलोमीटर धावून तो माणसाला मुंबईच्या बाजूला, आमण्याला सोडतो. कोकण त्यापुढे उरतंच. गोव्याकडे थेट जाणारा शक्तिपीठ महामार्ग कागदावर सुसाट आहे, जमिनीवर शेतकरी त्याला अडवून उभे आहेत. राहिली रेल्वे. नागपूर-मडगाव गाडी विदर्भ, खानदेश, नाशिक, कल्याण, पनवेल असा महाराष्ट्र उभाआडवा दाखवत कुडाळला आणते. तोवर डब्यातला चिवडा संपतो आणि माणसं एकमेकांशी पहिल्यांदा खरं बोलू लागतात.

देवबागला उतरल्यावर पहिला धक्का हवेचा. नागपूरचा माणूस ४५ अंशांना घाबरत नाही; ४७ पाहिलेला तो गडी. पण तिथला घाम येता येता वाळतो. इथला घाम येतो आणि मुक्कामाला राहतो. हॉटेलात कूलर का नाही, असं काकांनी विचारलं. दमट हवेत कूलर आणखी पाणीच फेकणार, हे मालकाने समजावलं. कूलरशिवायचा उन्हाळा ही कल्पना पचायला मात्र रात्र गेली.

देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. बोटी सुटतात नदीच्या बाजूने. तिथे बोटवाल्याशी बोलणी सुरू झाली, आणि युरोप व कोकण यांतला फरक तिथेच कळला. पॅक्सोसचा दाढीवाला तास विकतो. देवबागचा बोटवाला पॉइंट विकतो. डॉल्फिन पॉइंट, सीगल पॉइंट, संगम पॉइंट, निवतीचा किल्ला, गोल्डन रॉक, भोगवे बीच, त्सुनामी आयलंड. भाव डोईमागे की अख्ख्या बोटीमागे, लहान मुलाचं डोकं अर्धं धरायचं की पूर्ण, आणि पॉइंट कमी केले तर पैसे किती कमी, यावर पाऊण तास गेला. वहिनींनी सीगल वगळून पाहिला. भाव तसूभर हलला नाही, कारण सीगल निवतीच्या वाटेवरच बसलेले असतात आणि त्यांना पाहू नका असं कुणाला सांगता येत नाही.

“भाऊ, बराबर लावून सांगा. आम्ही नागपूरवरून आलो,” काका म्हणाले. लांबून आलेल्याला सूट मिळते असा विदर्भात समज आहे. बाकी जगात नेमकं उलटं घडतं.

“डॉल्फिनची गॅरंटी नाय,” बोटवाल्याने आधीच सांगून टाकलं. “समुद्र काय माझो नाय.”

पैसे ठरले. मंडळी चपला हातात घेऊन निघाली, तर बोट वाळूवर कुल्ले टेकून बसलेली. ओहोटी. तांडेल आरामात बिडी ओढत होता. पाणी भरलं की निघायचं, असं त्याचं म्हणणं.

“काऊन हो भाऊ, समोर एवढा समुद्र असून पाण्यासाठी थांबाचं?” टँकरची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न अगदी आतून आला होता.

इथे जरा भूगोलाकडे वळलं पाहिजे, कारण चावी मिळते की नाही याचं उत्तर तिथे आहे. भूमध्य समुद्र म्हणजे अरुंद तोंडाची सुरई. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात निमुळती जिथे आहे तिथे जेमतेम १४ किलोमीटर रुंद. महासागराची भरती त्या तोंडातून आत शिरेपर्यंत तिची सहा तासांची पाळी संपते. त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर पाणी दिवसभरात वीतभरच वरखाली होतं. सकाळी जो खडक दिसला तो संध्याकाळीही तिथेच, तेवढाच. उन्हाळ्यात पाऊस जवळपास नाही. वाऱ्याचा त्रास असतो, एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा भल्याभल्यांना बंदरात बसवतो, पण अशा दिवशी दाढीवाला चावीच देत नाही. उरलेल्या दिवशी अनोळखी माणसाच्या हाती बोट देणं हा धंद्याचा हिशेब आहे, त्यात ग्रीक उदारपणा शोधायला जाऊ नये.

मालवणच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला पाणी दोन-अडीच मीटर चढतं आणि उतरतं. आता जिथून बोट गेली तिथे तीन तासांनी माणूस गुडघाभर पाण्यात उभा असतो. कर्लीच्या मुखाशी वाळूचे बांध आहेत आणि पावसाळ्यागणिक ते जागा बदलतात. खडकांचं तर विचारू नये. ही सगळी माहिती कुठल्या नकाशाच्या रेघेत मावत नाही; ती बिडी ओढत बसलेल्या त्या माणसाच्या डोक्यात असते. म्हणून आपल्याकडे बोट भाड्याने घेतली की तांडेल सोबत येतोच. पैसे खरे त्याचेच. बोट वर फुकट.

पाणी भरलं. लाइफ जॅकेट वाटली गेली. संत्रानगरीतून आलेल्या मंडळींना इतक्या लांब येऊन अंगावर चढवायला मिळाला तो संत्र्याचाच रंग. जॅकेट आदल्या खेपेच्या माणसाच्या घामाने आणि मिठाने ओलं होतं, आणि पट्टा काकांच्या पोटाला पुरत नव्हता. तांडेलाने काहीएक न बोलता दोन पट्टे एकमेकांना जोडले. मग त्याने माणसांकडे धान्याच्या आडतीवर पाहावं तसं पाहिलं आणि वजनाप्रमाणे जागा वाटल्या. नवरा-बायको वेगळे झाले, मेहुणा मध्यभागी गेला. काका सुकाणूशेजारी बसायला निघाले होते. त्यांना नाळेकडे पाठवण्यात आलं, कारण पुढचा भाग दाबायला वजन हवं होतं. कॅप्टनपदाची स्वप्नं पाहणाऱ्या माणसाची नेमणूक भरताड म्हणून झाली.

संगमाशी नदीचं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात. नदीत गुळगुळीत चाललेली बोट तिथे अचानक नाक वर करते, क्षणभर थांबते आणि धाडकन खाली आपटते. फळीवर बसलेल्यांना मणक्यांची संख्या मोजता येते. तांडेल अशा वेळी इंजिन वाढवत नाही, कमी करतो. दोन लाटा जाऊ देतो, तिसरीच्या पाठीवरून बोट तिरकी काढतो. हात सुकाणूवर, नजर लांब, तोंडाने मोबाइलवर कुणाला तरी दुपारच्या बांगड्यांचं सांगत असतो. काका हे सगळं मान वळवून पाहत होते. पॅक्सोसच्या व्हिडिओत हा धडा नव्हता.

“उभे रवू नकात, काका. बसान रवा.”

डॉल्फिन दिसले. खरोखर दिसले. या किनाऱ्याला कुबडवाले डॉल्फिन राहतात; करड्या रंगाचे, पाठीवर उंचवटा असलेले. सिनेमातल्यासारखी कमान करून उडी मारायची त्यांना फारशी हौस नसते. श्वासासाठी वर येतात, पाठ दाखवतात, जातात. एकूण दर्शन दोन सेकंदांचं. त्या दोन सेकंदांत बोटीतल्या प्रत्येकाने ‘ते पहा’ म्हणून वेगवेगळ्या दिशांना बोटं दाखवली आणि मोबाइलांत एकंदर समुद्राचे फोटो आले. एका फोटोत मेहुण्याचा कान आहे. डॉल्फिन नेमका त्या कानामागे असल्याचं तो आजही शपथेवर सांगतो.

पुढे इंजिन बंद करून बोट डोलत ठेवली, तेव्हा मळमळ सुरू झाली. त्याचं कारण असं की कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती मेंदूला कळवते, आपण हलतोय. डोळे बोटीच्या फळीकडे पाहून कळवतात, छे, फळी तर जागेवर आहे. दोन खात्यांचे अहवाल जुळत नाहीत आणि मेंदू कारवाई पोटावर करतो. लांब क्षितिजाकडे पाहावं, हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज. दोन्ही अहवाल मग जुळतात. पण मळमळणारा माणूस क्षितिज सोडून मोबाइलमध्ये ‘मळमळ उपाय’ शोधतो आणि आणखी बिघडतो. काकूंनी पिशवीतून आवळा सुपारी, लिंबू, संत्रा बर्फी आणि आलूपोंगा काढला. आलूपोंग्याचा वास आला आणि राहिलेले दोघेही कठड्याशी गेले. संत्र्याची साल पाण्यात टाकायला निघालेल्या पोराचा हात तांडेलाने वरच्या वर धरला. इथल्या समुद्राचा एक तुकडा, २९.१२ चौरस किलोमीटरचा, १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. अभयारण्याच्या नियमांवरून मच्छीमारांचं आणि सरकारचं कधी फारसं जमलं नाही, पण साल टाकू न देण्यात दोघांचं एकमत दिसतं. स्पेनच्या बेलिआरिक बेटांवर तर २०१८ पासून पोसिडोनिया नावाच्या समुद्रगवतावर नांगर टाकायलाही बंदी आहे. म्हणजे चावी मिळाली तरी खाली गवत बघून थांबावं लागतं.

निवतीचे कडे, भोगव्याची वाळू हे सगळं पाहण्यासारखं आहे आणि त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत, तेव्हा ते सोडून देऊ. त्सुनामी आयलंडचं मात्र सांगितलं पाहिजे. कर्लीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असं स्थानिक लोक सांगतात. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बराचसा पाण्याखाली जातो. अशा अर्धवेळ जमिनीवर वॉटर स्पोर्ट्सचा आणि खाण्यापिण्याचा बाजार भरतो. बनाना राइड, जेट स्की, पाण्यात पाय बुडवून बसलेली गिऱ्हाइकं, आणि त्यांच्यामधून गरम भजी घेऊन चालणारा पोऱ्या. दरवर्षी आकार बदलणाऱ्या, दिवसातून दोनदा बुडणाऱ्या त्या वाळूकडे पाहून काकांनी हिशेब केला की याचे प्लॉट पाडले तर एनए होईल का. बेसात इतकी वर्षं राहिल्यावर मोकळी जागा पाहिली की डोळ्यांपुढे लेआउटच येतो.

दुपारी जेवून मालवणच्या धक्क्यावरून दुसऱ्या होडीने सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा मुहूर्त केला आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला. तट जवळजवळ तीन किलोमीटरचा, नागमोडी. दरवाजा असा वळणात लपवलेला की समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. बुरुजापाशी चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. तिथे आल्यावर बोटीत एकमेकांशी भांडलेली माणसंही हळू बोलायला लागली.

पण बेसाची मंडळी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळली ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि मध्ये तीन विहिरी गोड्या पाण्याच्या. गाइड हे वाक्य रोज म्हणतो. त्यावर लोक ‘अरे वा’ म्हणून पुढे जातात. इथे कुणीच हललं नाही. चार कुटुंबं काठाला टेकून आत पाहत राहिली. बोअर किती फुटांवर लागतो, मे महिन्यात पाणी तळाला जातं का, मोटर बसवली आहे का, असे प्रश्न सुरू झाले. गाइडला इतिहासाचे प्रश्न येतात; मोटरचा पहिल्यांदाच आला. शेवटी वहिनी म्हणाल्या, “महाराजांनी भर समुद्रात तीन विहिरी देऊन ठेवल्या, अन् आमच्या बिल्डरनं ब्रोशरमध्ये चोवीस तास पाणी लिहून दिलं.” गाइडने दाद दिली. हे वाक्य तो पुढच्या ग्रुपला ऐकवणार, यात शंका नाही.

संध्याकाळी देवबागला सुरमईच्या ताटावर हिशेब झाले. सावजी खाऊन तरबेज झालेल्या जिभांना मालवणी तिखट पोरखेळ वाटलं, सोलकढी मात्र चारचार वाट्या गेली. सकाळचा तांडेल बाकीचे पैसे न्यायला आला होता. त्यालाही बसवलं. बोलता बोलता कळलं की मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पर्यटकांच्या बोटी बंद होतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत. तेवढे दिवस तो मोकळा असतो. नागपूर त्याने पाहिलेलं नव्हतं. वाघ पाहायची मात्र फार इच्छा.

“मगे वाघ दिसतलो काय?” त्याने विचारलं.

काका ताठ बसले. दिवसभरात पहिल्यांदाच प्रश्न त्यांच्या खात्यातला आला होता. “ताडोबाला घेऊन जातो तुम्हाले. पण गॅरंटी नाही. जंगल काही माझ्या बापाचं नाही.”

जिप्सीचा भाव कमी होईल का, हा त्याचा पुढचा प्रश्न. तो होत नाही, जिप्सीचे दर ठरलेले असतात, गाइड सोबत घ्यावाच लागतो आणि गाडीतून उतरता येत नाही, असं काकांनी सांगितलं. स्वतः गाडी चालवली तर? तेही नाही. तांडेलाने मान डोलावली. हे सगळं त्याला ओळखीचं वाटलं असावं.

मग तारखा निघाल्या. जुलै, ऑगस्ट त्याला सोयीचे. पण ताडोबाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. बफर चालू असतो, पण पावसात वाघ कशाला रस्त्यावर येतो. ऑक्टोबरात जंगल उघडतं तोवर त्याची बोट सुरू झालेली. उरला जून.

“जूनमध्ये नागपूराक गरम किती असता?” तांडेलाने विचारलं.

“काही नाही हो,” काका म्हणाले, “कूलर आहे ना.”